तटस्थ मतदान केलं म्हणून आपली माणसं सुटतात का?

बोरूबहाद्दर

आमच्या कायप्पा (व्हॉट्सॲप) गटावर एक विधान वरचेवर फिरत असतं: "भारत संयुक्त राष्ट्रांत कुणाच्याच बाजूने हात वर करत नाही, म्हणूनच युद्ध पेटलं की आपली माणसं सुखरूप परत येतात." ऐकायला पटतं. पण खरंच असं आहे का?

२५ फेब्रुवारी २०२२ ला सुरक्षा परिषदेत रशियाविरुद्ध ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. चीन आणि अमिरातीही. २ मार्चला आमसभेत १४१ देश बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. त्या पस्तिसांत आपण. त्याच दिवसांत युक्रेनमधून आपली माणसं आणणारं ऑपरेशन गंगा चालू होतं आणि साडेबावीस हजारांच्या आसपास माणसं परत आली. गटावरचे लोक या दोन गोष्टींची गाठ मारून मोकळे होतात.

गाझाचं पाहिलं तर गुंता आणखी वाढतो. ऑक्टोबर २०२३ ला तटस्थ, डिसेंबर २०२३ ला युद्धबंदीच्या ठरावाच्या बाजूने, जून २०२५ ला पुन्हा तटस्थ. यात सूत्र काय?

ज्यांनी अशी सुटका स्वतः पाहिली आहे किंवा ज्यांच्या घरचं कुणी अडकलं होतं, त्यांनी लिहा. पक्षीय धुळवड नको. (ही विनंती कुणी पाळणार नाही, तरी करून ठेवतो.)

तिरकस

सूत्र सोपंय. आधी तेल, मग माणसं, उरलं तर तत्त्व.

साळुंकी

तिरकस, +१. पण तेल आणि माणसं वेगळी कुठे आहेत? आखातात तेल आहे म्हणून तर माणसं तिकडे आहेत.

सालमियाकर

१९९० मध्ये मी कुवेतला होतो, म्हणून लिहितो.

२ ऑगस्टला इराकी सैन्य शहरात घुसलं. पहिला फटका खिशाला बसला. इराकने कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीला आणून ठेवला. वर्षानुवर्षं साठवलेल्या पैशाचं पाणी झालं. भाड्याच्या बसने बसरा, मग बगदाद, तिथून जॉर्डनची सरहद्द. सरहद्दीवर वाळवंटात तंबू. दिवसा भाजून निघायचं, रात्री कुडकुडायचं. पाण्याच्या टँकरला रांग, त्या रांगेत इजिप्तचे, बांगलादेशचे, फिलिपिन्सचे सगळे. आपला एक कारकून लाकडी खोक्यावर बसून नावं उतरवून घेत होता, खाली कार्बन पेपर. माझं आडनाव त्याने जसं ऐकू आलं तसं लिहिलं आणि मुंबईत उतरेपर्यंत मी त्याच नावाने वावरलो. दुरुस्त करायला सांगितलं असतं तर रांग गेली असती!

त्याआधी इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले होते. त्यांच्या गळाभेटीचा फोटो जगभर छापून आला. खूप शिव्या पडल्या. पण अम्मानहून विमानं सुरू झाली. एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्या, ५९ दिवस, १ लाख ११ हजारांवर माणसं. गिनीजमध्ये नोंद आहे. पुढे त्यावर सिनेमाही आला. त्यात मंत्रालयाचे लोक जेवढे ढिम्म दाखवलेत तेवढे ते नव्हते, एवढं मी साक्षीने सांगतो.

आता दुसरी बाजू. युद्ध संपल्यावर मी पुन्हा कुवेतला नोकरीला गेलो. तिथला साहेब तोंडावर बोलून दाखवायचा, "तुमचा मंत्री कुणाच्या गळ्यात पडला ते आम्ही पाहिलंय." मी काय बोलणार? मुकाट्याने काम केलं. पण मौन फुकट मिळतं असं कुणी म्हणू नये.

साळुंकी

काका, दंडवत. बुडालेल्या पैशाचं पुढे काही झालं का?

सालमियाकर

झालं ना. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा नुकसानभरपाई आयोग बसला होता, पैसा इराकच्या तेलविक्रीतून. अर्ज भरून मी विसरूनही गेलो होतो, तेव्हा रक्कम आली. जेवढं बुडालं तेवढं नाही, पण आली.

खारकीवची_आई

धागा वाचून राहवलं नाही.

मुलगा खारकीवला एमबीबीएसला होता. नीटचे मार्क इथल्या सरकारी कॉलेजला पुरले नाहीत आणि खासगीची फी आम्हाला झेपणारी नव्हती. तिकडे गेलेली बहुतेक मुलं अशाच घरांतली, हे टीव्हीवर "बाहेर जातातच कशाला" म्हणणाऱ्यांना कळत नव्हतं.

दूतावासाची पहिली सूचना १५ फेब्रुवारीला आली. ज्यांचं राहणं गरजेचं नाही त्यांनी तात्पुरतं बाहेर पडण्याचा विचार करावा, अशा अर्थाची. आता "विचार करावा" यातून एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने काय समजायचं? त्याची युनिव्हर्सिटी हजेरी सोडायला तयार नव्हती. तिकिटांचे भाव रोज चढत होते. ज्या एजंटाने ॲडमिशन करून दिली होती तो "काही होत नाही हो ताई, दरवर्षीचं आहे" म्हणाला आणि २४ तारखेनंतर त्याचा फोन बंद.

त्यानंतर बंकर. फोनचं चार्जिंग वाचवायला दिवसातून ठरलेल्या वेळी एकच मेसेज: "ठीक." एवढाच शब्द. १ मार्चला कर्नाटकातला एक मुलगा गोळीबारात गेला ती बातमी आली त्या दिवशी तो शब्द उशिरा आला.

२ मार्चची सूचना मात्र अजिबात गुळमुळीत नव्हती. संध्याकाळी सहाच्या आत खारकीव सोडा, वाहन मिळत नसेल तर चालत निघा. पेसोचिन ११ किलोमीटर, बाबाये १२, बेझल्युदोव्हका १६. मुलगा चालत पेसोचिनला गेला. बर्फ होता. स्टेशनवर आधी प्रयत्न केला होता, पण गाडीत आधी तिथल्या बायकामुलांना घेत होते, आणि ते मला चुकीचं वाटत नाही. मला राग आहे तो १५ ते २४ फेब्रुवारी या दिवसांचा.

मतदानाने काय फरक पडला ते मला माहीत नाही. बंकरमध्ये कुणी मतदान बघत नव्हतं.

कोपऱ्यातला

ताई, वाचून पोटात गोळा आला. मुलगा आता कुठे आहे?

खारकीवची_आई

दुसऱ्या देशात जाऊन शिक्षण पूर्ण करतोय. वैद्यकीय आयोगाच्या नियमांची ती दुसरी लढाई, तिचा वेगळा धागा होईल.

शंभरनंबरी

ताईंच्या भावना समजू शकतो, पण थोडं न्यायाने बोलूया. चार केंद्रीय मंत्री शेजारच्या देशांत जाऊन बसले होते. पुरी हंगेरीत, ज्योतिरादित्य शिंदे रोमानियात, रिजिजू स्लोव्हाकियात, व्ही. के. सिंग पोलंडमध्ये. नव्वद विमानं, त्यांतली १४ हवाई दलाची. किती देशांनी हे केलं?

आणि युक्रेनमधल्या सुमी शहराचं विसरू नका. सातशेच्या आसपास मुलं अडकली होती. ७ मार्चला मोदी पुतिन आणि झेलेन्स्की दोघांशीही बोलले, ८ तारखेला मुलं बसने पोल्टाव्हाकडे निघाली. दोघेही फोन उचलतात कारण आपण कुणाचाच पाणउतारा केलेला नाही. बोरूबहाद्दरांच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असं आहे.

नकाशेवाला

शंभरनंबरी, तुमच्याच प्रतिसादात तुमच्या उत्तराला सुरुंग आहे.

मंत्री कुठे जाऊन बसले? पोलंड, हंगेरी, रोमानिया, स्लोव्हाकिया. २ मार्चच्या आमसभेत या चौघांनीही रशियाविरुद्ध मत दिलं. आपण तटस्थ राहिलो याचा पोलंडला तर चांगलाच राग होता. तरीही त्यांनी आपल्या मुलांना व्हिसाशिवाय आत घेतलं. म्हणजे साडेबावीस हजारांतली बहुतेक माणसं बाहेर आली ती आपलं मत न आवडलेल्या देशांच्या फाटकांतून.

दुसरं: नेपाळ. त्या दिवशी नेपाळने ठरावाच्या बाजूने मत दिलं, बांगलादेश तटस्थ राहिला. दोघांचेही नागरिक ऑपरेशन गंगामधून आले. सुमीचा मार्ग उघडला तोही फक्त भारतीयांसाठी नव्हता, तिथले रहिवासीही त्याच दिवशी बाहेर पडले. मत काय दिलं हे बसच्या दारात कुणी विचारलं नाही.

फोनाचा उपयोग झाला हे मला मान्य. पण फोन लागणं आणि मत तटस्थ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शंभरनंबरी

वेगळ्या कशा? निषेध करून मग फोन केला असता तर उचलला असता का?

नकाशेवाला

फ्रान्सने निषेध केला होता, तरी पुतिन मॅक्रॉनचा उचलत होते की! लांबलचक टेबलासकट.

तिरकस

😄 टेबल लांब असलं तरी फोनची वायर पोहोचते.

हिशेबनीस

मला इथे वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. अख्खा धागा "आपली माणसं" भोवती फिरतोय. विषय परदेशातल्या संकटांचा आहे ना? तिथे जी माणसं मरतात ती आपली नाहीत म्हणून मोजायची नाहीत का?

गाझाला ऑक्टोबर २०२३ मध्ये आपण साडेसहा टन औषधं-उपकरणं आणि ३२ टन मदतसाहित्य पाठवलं. हवाई दलाच्या सी-१७ ने इजिप्तमधल्या अल अरीशला. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला आपण वर्षाला ५० लाख डॉलर देतो, तेही चालू राहिलं. चांगलंच आहे. पण त्याच आठवड्यात मानवतावादी युद्धविरामाच्या ठरावावर तटस्थ. एका हाताने मलमपट्टी आणि दुसरा हात खिशात. कारण दिलं ते हमासच्या हल्ल्याचा स्पष्ट उल्लेख ठरावात नसल्याचं. मग डिसेंबरमधल्या ठरावातही तो उल्लेख नव्हता, तेव्हा बाजूने मत कसं दिलं?

निर्वासितांचंही तसंच. १९७१ मध्ये एक कोटी माणसं आपण सांभाळली, बसच्या तिकिटावर पोस्टाच्या तिकिटावर अधिभार भरला लोकांनी. पण १९५१ च्या निर्वासित करारावर आजही सही नाही. २०१७ मध्ये रोहिंग्यांसाठी बांगलादेशला जहाजाने, विमानाने धान्य पाठवलं, नाव दिलं ऑपरेशन इन्सानियत. आणि इथे असलेल्या रोहिंग्यांना परत धाडायची भाषा त्याच वर्षी चालू.

शंभरनंबरी

हंगेरी १९५६ आठवा. सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये आणि नेहरूंचा भारत ठरावांवर कधी तटस्थ, कधी विरोधात. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाला पुन्हा तेच. तटस्थपणा २०१४ नंतर जन्माला आला नाही.

हिशेबनीस

मी कुठे म्हटलं तसं? तेव्हाही चुकलंच. त्याच वर्षी इजिप्तमधल्या सुएझवरच्या हल्ल्यावर जो आवाज तत्काळ चढला तो बुडापेस्टवर घशात अडकला, हे तेव्हा आपल्याच लोकांनी सुनावलं होतं. जयप्रकाश नारायणांनीही.

संपादक

१९५६ वरून १९४७ कडे आणि तिथून काश्मीरकडे जाण्याचा रस्ता आम्हाला पाठ आहे. कृपया याच वळणावर थांबा.

दर्यावर्दी

थोडं समुद्रावरचं. कुणी खलाशांचं नावच घेतलं नाही म्हणून.

बंदरात अडकलेल्या माणसाचा देश कोणता? पासपोर्ट भारताचा, जहाज पनामाचं किंवा लायबेरियाचं किंवा मार्शल बेटांचं, मालक ग्रीसमधला, खलाशी पुरवणारा मॅनिंग एजंट मुंबईत. २०२२ मध्ये युक्रेनच्या मिकोलाईव्ह बंदरात आपले खलाशी जहाजांवर अडकले होते. समुद्रात सुरुंग, त्यामुळे जहाज हलेना. मालवाहू जहाजावर निम्मी माणसं उतरवून चालत नाही, किमान किती जणांनी जहाजावर राहायचं याचा नियम आहे. मग कोण उतरणार आणि कोण राहणार हे कॅप्टनने ठरवायचं. हे कुठल्या राजदूताच्या हातात नसतं.

लाल समुद्रातलं उदाहरण घ्या. ६ मार्च २०२४ ला येमेनमधल्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र 'ट्रू कॉन्फिडन्स'वर पडलं. जहाजावर बार्बाडोसचा झेंडा. तीन खलाशी गेले. बाकीच्या २१ जणांना आयएनएस कोलकाताने उचललं, त्यांत भारतीय एकच होता. हिशेबनीस, हे तुमच्यासाठी. नौदलाने उचलताना पासपोर्ट पाहिला नाही. २०१५ ला येमेनमधून ऑपरेशन राहतमध्येही ४,६४० भारतीयांबरोबर ४१ देशांचे ९६० लोक आणले होते.

पण नौदल दिसतं, म्हणून त्याच्यावर बातम्या होतात. मालक जहाज सोडून पळाला आणि पोरं पगाराशिवाय कुठल्यातरी बंदरात नांगरावर सडत पडली, की कुणी मंत्री येत नाही. २०१७ पासून नियम आहे की घरी परतण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा पगार विम्यातून मिळाला पाहिजे. विमा खरा असेल तर. कोकणातल्या पोरांना माझं एकच सांगणं: सही करण्याआधी जहाजाचा पी अँड आय विमा (मालकाची देणी भागवणारा) कुणाचा ते विचारा. एजंट चिडला तर समजा गडबड आहे.

साळुंकी

हे सगळं नवीनच कळलं. धाग्याची वाचनखूण साठवली.

गोंधळी

अवांतर: ऑपरेशनांची नावं कोण ठेवतं? सुकून, राहत, देवी शक्ती, गंगा, कावेरी, अजय, सिंधू. हैतीच्या वेळी इंद्रावती. तेव्हा पहिल्या दिवशी बारा माणसं बाहेर काढली. बारा माणसांना एक नदी!

तिरकस

नद्या अशाच वाटत राहिले तर लवकरच ऑपरेशन मुळा-मुठा. त्यात मात्र सुटका करायला गेलेल्यांनाच बाहेर काढावं लागेल.

गोंधळी

😂😂 पुणेकर आलेच बघा.

दूतावासी

बारा माणसांना एक नदी, यावर हसू आलं, पण ज्यांची ती बारा माणसं होती त्यांना विचारा.

मी परराष्ट्र खात्यात होतो, वरचा अधिकारी वगैरे नाही, वाणिज्य दूतावासातली टेबलावरची कामं. आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं मोकळेपणी लिहितो.

सुटकेचं खरं काम कागदांचं असतं. विमान सगळ्यांत शेवटी येतं. आधी यादी. देशात नेमके किती भारतीय आहेत हे आम्हाला कधीच पक्कं ठाऊक नसतं, कारण नोंदणी सक्तीची नाही आणि लोक करत नाहीत. मग चर्च, गुरुद्वारा, तेलुगू संघटना, मल्याळी संघटना, महाराष्ट्र मंडळ यांना फोन. त्यांच्या याद्या एकत्र केल्या की एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी सापडतो. दुसरं, पासपोर्ट. आखातात आणि सुदानसारख्या ठिकाणी तो मालकाच्या कपाटात असतो आणि मालक पळालेला असतो. मग इमर्जन्सी सर्टिफिकेट करायचं, एका बाजूच्या प्रवासापुरतं. फोटो कुठून आणणार? भिंतीला पांढरी चादर लावून मोबाइलवर काढतात. तिसरं, त्या देशाचा बाहेर पडण्याचा शिक्का. काही ठिकाणी मालकाच्या परवानगीशिवाय तो मिळत नाही, युद्ध असो नाहीतर पूर. चौथं, मधल्या देशाची परवानगी, कारण माणूस थेट भारतात क्वचितच येतो. सुदानवाले जेद्दाहमार्गे, येमेनवाले जिबूतीमार्गे, लेबनॉनवाले २००६ ला सायप्रसमार्गे.

पैसा बहुतेक वेळा भारतीय समुदाय कल्याण निधीतून. २००९ पासून आहे. पासपोर्ट वगैरे सेवांवर परदेशात जो थोडा अधिभार घेतात त्यातून तो भरतो. म्हणजे एका भारतीयाच्या पासपोर्टच्या फीतून दुसऱ्याचं तिकीट निघतं.

आता मूळ प्रश्नावर. न्यूयॉर्कमध्ये काय मत पडलं हे आम्हाला बातम्यांतून कळायचं. फाटकावर त्याचा उपयोग होत नाही. तिथे एकच गोष्ट लागते: विमानतळ, बंदर किंवा सरहद्द ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशी आपली बोलण्याइतकी ओळख. येमेनमध्ये आकाश सौदीच्या ताब्यात होतं. ते जेवढा वेळ मोकळा ठेवत तेवढ्यातच एअर इंडियाचं विमान सनामध्ये उतरून परत उडायचं. व्ही. के. सिंग जिबूतीत तळ ठोकून होते ते त्यासाठीच. सुदानमध्ये वादी सैदना इथल्या धावपट्टीवर दिवेही नव्हते. सी-१३०जे रात्रीच्या अंधारात नाइट व्हिजन चष्मे लावून उतरवलं आणि १२१ जणांना आणलं. ते धाडस वैमानिकांचं, पण त्या धावपट्टीपर्यंत बसेस येऊ दिल्या त्या तिथे रस्त्यावर बंदुका घेऊन उभ्या असलेल्यांनी.

आणि बोलायला समोर कुणीच नसेल तर? इराकमधलं मोसुल. जून २०१४ ला ३९ भारतीय कामगार आयसिसच्या हाती सापडले. घरच्यांना चार वर्षं आशा दाखवली, मार्च २०१८ ला संसदेत मृत्यू जाहीर झाले. त्याच सुमाराला तिक्रीतच्या ४६ केरळी परिचारिका सुखरूप परत आल्या होत्या. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमाबाई (स्वराज) २०१७ मध्ये म्हणाल्या होत्या की मंगळावर अडकलात तरी तिथला भारतीय दूतावास मदत करील. मनाने त्या तशाच होत्या. पण मोसुलमध्ये दार ठोठवायला दारच नव्हतं.

खारकीवची_आई

दूतावासी साहेब, एक विचारते. "विचार करावा" असं का लिहितात? स्पष्ट "निघा" का नाही?

दूतावासी

ताई, "निघा" लिहिलं की यजमान सरकार विचारतं, आमच्यावर विश्वास नाही का? त्या आठवड्यात कीवही जगाला घबराट पसरवू नका म्हणूनच सांगत होतं. आणि "निघा" म्हटल्यावर तिकिटाची जबाबदारी येते. ही कारणं झाली. समर्थन नाही करत. अमेरिकेने ११ फेब्रुवारीला आपल्या लोकांना ४८ तासांत निघा म्हणून सांगितलं होतं. विद्यार्थ्यांसाठी आमची भाषा वेगळी असायला हवी होती.

पाटीलबुवा

अहो पण मदत करून मिळतं काय? तुर्कस्तानला फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात आपण एनडीआरएफ, कुत्री, इस्केंदेरूनला लष्कराचं अख्खं फील्ड हॉस्पिटल पाठवलं. ऑपरेशन दोस्त. आणि मे २०२५ ला दोस्त कुणाच्या बाजूला उभा राहिला? पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं उचलायचं बंद केलं ते उगाच नाही.

हिशेबनीस

ढिगाऱ्याखालून काढलेल्या सहा वर्षांच्या मुलीने पुढे एर्दोगानला मत बदलायला लावायचं होतं का?

पाटीलबुवा

तसं नाही हो. पण थोडी जाण ठेवावी माणसाने.

नकाशेवाला

जाण ठेवायची तर नेपाळचंही बघा. एप्रिल २०१५ च्या भूकंपात सर्वांत आधी पोहोचलो आपण, काही तासांत. आणि आपल्या वाहिन्यांनी ढिगाऱ्याजवळ बसलेल्या बाईला "कसं वाटतंय" विचारून ठेवलं. आठवड्याभरात तिथले लोक भारतीय माध्यमांनो परत जा म्हणू लागले. त्याच वर्षाअखेरीस सरहद्दीवर इंधनाचे ट्रक अडले, आणि नेपाळी माणसाला आज कोणती गोष्ट लक्षात आहे ते तिथल्या टॅक्सीवाल्याला विचारा.

सालमियाकर

पाटीलबुवा, उलटंही होतं. २००४ च्या त्सुनामीत आपलेच हजारो गेले होते, तरी बाहेरची मदत नको म्हणत आपण श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाला जहाजं पाठवली. त्या वेळी अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाबरोबर जे काम केलं त्यातूनच पुढे क्वाड हा या चार देशांचा गट आला म्हणतात. फळ कुठल्या झाडाला लागेल सांगता येत नाही.

बोरूबहाद्दर

मी चार दिवस फक्त वाचत होतो. आता एक माझ्याकडून. यादी चाळताना लिबिया सापडलं, २०११. तेव्हा भारत सुरक्षा परिषदेत होता. २६ फेब्रुवारीला गद्दाफीवर निर्बंध घालणारा ठराव क्र. १९७० एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे आपलंही मत गद्दाफीविरुद्ध. आणि त्याच दिवशी त्रिपोलीहून आपली सुटकेची विमानं सुरू झाली! पंधरा हजारांवर माणसं आली. पुढे १७ मार्चला हवाई हल्ल्यांना वाट करून देणाऱ्या १९७३ वर तटस्थ राहिलो, पण तोपर्यंत सुटका जवळपास आटोपली होती.

म्हणजे ज्याच्या विरुद्ध मत दिलं त्याच्याच विमानतळावरून माणसं आणली.

शंभरनंबरी

गद्दाफीवर तेव्हा चहूबाजूंनी संकट होतं. त्याला आपल्याशी भांडायला वेळ कुठे होता? पुतिनची गोष्ट वेगळी.

नकाशेवाला

बरं, मग इराण घ्या, जून २०२५. १४ तारखेला शांघाय सहकार्य संघटनेने (भारत, चीन, रशिया, इराण वगैरेंचा गट) इराणवरच्या हल्ल्यांबद्दल इस्रायलचा निषेध केला, आपण जाहीर सांगितलं की त्या निवेदनाच्या चर्चेत आम्ही नव्हतो. तेहरानला हे नक्कीच झोंबलं असणार. तरी आठवड्याच्या आत इराणने बंद असलेलं आकाश आपल्या विमानांपुरतं उघडलं आणि मशहदहून मुलं दिल्लीला आली. त्याआधीची तुकडी रस्त्याने आर्मेनियात, तिथून येरेवानहून. चाबहार बंदर आहे, जुनी ये-जा आहे, काश्मिरी मुलं तिकडे वर्षानुवर्षं शिकतायत. हे सगळं मतपेटीच्या बाहेरचं.

शंभरनंबरी

म्हणजे संबंध राखल्यामुळेच ना? मी तेच म्हणतोय.

नकाशेवाला

संबंध राखल्यामुळे, हो. गप्प राहिल्यामुळे, नाही.

हिशेबनीस

आणि म्हणूनच "आमचे लोक अडकलेत, म्हणून आम्हाला बोलता येत नाही" ही सबब मला पटत नाही. बोलायचं नसेल तर तसं म्हणावं. मुलांच्या पाठीमागे लपू नये.

दूतावासी

हिशेबनीस, अर्धं मान्य. लोक बाहेर येईपर्यंत जिभेवर ताबा ठेवणं यात मला गैर वाटत नाही, ते आठवडे आम्ही मोजून काढलेत. आखातात तर नव्वद लाखांच्या घरात आपले लोक आहेत, तिथे ते आठवडे कधी संपतच नाहीत. पण खारकीव, सुमी रिकामं झाल्यावरही तटस्थच राहिलो, तेव्हा कारण दुसरं होतं. शस्त्रं, तेल, चीन. तेही कारण असू शकतं, देशाला हितसंबंध असतातच. फक्त ते विद्यार्थ्यांच्या नावावर खपवू नये, इतपत मी तुमच्याशी सहमत.

अफगाणिस्तानचं बघा ना. तालिबान सरकारला मान्यता नाही, तरी २०२२ मध्ये गहू पाठवला, तोही अटारीहून पाकिस्तानमार्गे, अफगाण ट्रकांतून. जूनमध्ये काबूलला 'तांत्रिक पथक' बसवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा पुन्हा दूतावास झाला. कुणाला पटो न पटो, फाटकावर ओळख हवी म्हणून हे सगळं करावं लागतं.

तिरकस

तालिबानला गहू आणि तोही पाकिस्तानमार्गे. माझ्या सूत्रात हे कुठे बसवू? तेल नाही, माणसं थोडी, तत्त्व तर नाहीच.

गोंधळी

तिरकस निरुत्तर! शतकी धाग्याकडे वाटचाल.

नवीनच_आलोय

नमस्कार. पहिलाच प्रतिसाद आहे, चुकीच्या ठिकाणी असेल तर हलवा. भाचा सप्टेंबरमध्ये किर्गिझस्तानला मेडिकलला चाललाय आणि चुलतभाऊ ओमानला प्लंबरच्या कामावर. २०२४ च्या मे महिन्यात बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांना मारहाण झाली होती ते वाचून बहीण घाबरलीय. जाण्याआधी नक्की काय काय करायला सांगू?

दूतावासी

बरोबर ठिकाणी आलात.

भाच्याला: पोहोचल्याच्या आठवड्यात तिथल्या दूतावासाकडे नोंदणी. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत मेलवर, तुमच्याकडे आणि छापील त्याच्या सामानात. मूळ पासपोर्ट हॉस्टेलच्या वॉर्डनकडे कायमचा ठेवायला देऊ नका. दूतावासाचा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे.

भावाला: दहावी झाली नसेल तर पासपोर्ट ईसीआरचा (काही देशांत कामाला जायला सरकारी परवानगी लागते तो) असेल, ओमान त्या यादीत आहे, म्हणजे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर परवानगी लागणार. एजंट "व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलून घेऊ" म्हणाला तर साफ नाही म्हणा. तसा गेलेला माणूस कुठल्याच यादीत नसतो आणि आम्हाला तो मेल्यावर कळतो. रशियाच्या सैन्यात जी आपली पोरं फसवून नेली त्यांतलेही कितीतरी असेच व्हिजिट व्हिसावर गेलेले. प्रवासी भारतीय विमा काढाच, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, दहा लाखांचं संरक्षण. काही अडलं तर 'मदद' पोर्टलवर तक्रार टाका, नंबर मिळतो, तो जपून ठेवा.

खारकीवची_आई

आणि भाच्याला सांगा, "तात्पुरतं बाहेर पडण्याचा विचार करावा" असं वाचलं की त्याच दिवशी तिकीट काढायचं. हजेरी गेली तर जाऊ दे.

नवीनच_आलोय

दोघांचेही आभार. भावाचा एजंट व्हिजिट व्हिसाचंच म्हणत होता. आजच फोन करतो त्याला.